लागलं पायाला, गाठ जांघेत: अवधाणाची गोष्ट

प्रश्न असा आला आहे: "मी बेळगावात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव खानापूर तालुक्यात. रोप लावणीच्या दिवसांत आज्जाच्या उजव्या पायाला अंगठ्याजवळ खुरपं लागलं. चौथ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ आली आणि थंडी वाजून ताप आला. आज्जी म्हणते, 'अवधाण आलंय, विष वर चढायलंय.' शेजारचे चुना-गूळ लावा म्हणतात. आज्जानं मला विचारलं, 'लागलंय खाली, खरं गाठ वर कशी आली गं?' पुस्तकातली नावं मला येतात, पण त्याला समजेल असं सांगता आलं नाही. गाठ का येते, तिचं काय करायचं आणि घाबरायचं कधी?"

आधी तातडीचं. थंडी वाजून ताप आला आहे, तर आज्जाला आजच डॉक्टरांना दाखवा. शुगर तपासून घ्या, आधी कधी निघाली नसली तरी. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर तेही आजच. गाठीवर चुना-गूळ नको, गाठ चोळून 'उतरवणं' नको, आणि बिब्बा तर मुळीच नको. बिब्ब्यानं भाजलेल्या जांघा मी पुष्कळ पाहिल्यात. गाठ आपली आपण ओसरते, बिब्ब्याची जखम मात्र महिना महिना चिघळते. एवढं करून आलीस की पुढचं निवांत वाच.

आता आज्जाला काय सांगायचं ते. त्यालाच विचार, खरचटल्यावर रक्त थांबलं की जे पिवळट, चिकट पाणी येतं त्याला काय म्हणतोस? तो म्हणेल, लस. निम्मं उत्तर त्यानंच दिलं. तुझ्या पुस्तकातली लसिका म्हणजे जवळजवळ हेच पाणी. जखमेमुळं ते तयार झालं असं नाही. ते अंगात सगळीकडे रात्रंदिवस झिरपतच असतं, कातडी फाटल्यावर डोळ्यांना दिसतं इतकंच.

रक्त हृदयातून निघून हृदयाकडेच परत येतं, हे विल्यम हार्वेनं १६२८ मध्ये दाखवलं. पण धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, ते त्याला दिसलं नव्हतं. तो दुवा, म्हणजे केशवाहिन्या, माल्पिगीनं १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या वाहिन्यांची भिंत एका पेशीच्या जाडीची असते. हृदय स्वस्थ बसलेल्या माणसातही मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं. तेवढ्या दाबाखाली इतकी पातळ भिंत असली की झिरपणारच, आणि झिरपायलाच हवं. पेशींना खाणं-पाणी त्याच वाटेनं मिळतं.

झिरपतं किती? दिवसाला सुमारे ८ लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, असतं साधारण ३ लिटर. म्हणजे तुझ्या रक्तातलं सगळं पाणी दिवसातून दोन-तीन वेळा वाहिन्यांच्या बाहेर पडून पुन्हा आत येतं. ते परत आणणारी व्यवस्था एक दिवस बंद पडली तर माणूस उभा राहणार नाही.

तुझ्या पुस्तकात बहुधा वेगळा हिशेब असेल: २० लिटर झिरपतं, १७ लिटर केशवाहिन्यांच्या शिरेकडच्या टोकाला परत शिरतं, उरलेले ३ लिटर लसिकावाहिन्या, म्हणजे लस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, नेतात. स्टार्लिंगनं १८९६ मध्ये जे दाबांचं गणित मांडलं, त्यावरून हे चित्र रूढ झालं. गणित बरोबर होतं. पण पुढच्या मोजमापांत दिसलं की बहुतेक अवयवांत ते 'परत शिरणं' फार वेळ टिकत नाही आणि जवळजवळ सगळा भार लसिकावाहिन्यांवरच पडतो. परीक्षेत पुस्तकातलंच लिही, मार्क घालवू नकोस. पाय सुजलेला पेशंट समोर आला की मात्र हे आठव.

आज्जा भात पिकवतो, त्याला हे आपल्यापेक्षा लवकर कळेल. खाचरात पाटानं पाणी येतं आणि जादाचं पाणी चरातून निघून जातं. पाट म्हणजे धमनी, चर म्हणजे लसिकावाहिनी. चर बुजला की वरून एक थेंब जास्त न सोडताही खाचर तुंबतं. फरक एवढाच की शेतात पाणी उताराला धावतं आणि पायातल्या लसीला चढ चढायचा असतो, तोही हृदयाच्या धक्क्याशिवाय. म्हणून त्या वाहिन्यांत जागोजागी झडपा असतात. दोन झडपांमधला तुकडा स्वतः आकुंचन पावून लस वर ढकलतो, आणि चालताना पोटरीचे स्नायू दाबले गेले की तिला आणखी रेटा मिळतो. दिवसभर बसून प्रवास केला की चपलेचे पट्टे रुततात ते यामुळंच.

वाट ठरलेली असते, आणि आज्जाचा प्रश्न खरं म्हणजे त्या वाटेबद्दलच आहे. पायाच्या अंगठ्याकडच्या बाजूची लस घोट्याच्या आतल्या अंगानं, मोठ्या कातडीखालच्या शिरेच्या सोबतीनं, मांडीवरून थेट जांघेतल्या गाठींपर्यंत येते. करंगळीच्या बाजूला किंवा टाचेच्या बाहेरच्या अंगाला लागलं तर ती आधी गुडघ्याच्या मागच्या खळगीतल्या गाठींकडे जाते, तिथून पुढं वर. म्हणून टाचेच्या भेगेतून जंतू शिरला तर जांघ चाचपायच्या आधी गुडघ्यामागंही हात लावून बघावा. आम्हीही हे विसरतो. आज्जाला अंगठ्याजवळ लागलं, म्हणून त्याची गाठ सरळ जांघेत.

जांघेतून पुढं ही लस ओटीपोटात, पोटात, आणि तिथून छातीतल्या हातभर लांब मुख्य वाहिनीत जाते, जी ३८ ते ४५ सेंटिमीटर भरते. ती वाहिनी मानेच्या बुडाशी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत उघडते. म्हणजे आज्जाच्या उजव्या पायाची लस शेवटी डाव्या गळपट्टीच्या हाडामागं रक्ताला मिळते. हे त्याला सांग, तो हसेल. पण हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

आता गाठ. कोगनोळीचा नाका तुला माहीतच असेल, निपाणीच्या पुढं महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. कोरोनाच्या दिवसांत तिथं गाड्या थांबवून रिपोर्ट बघत होते आणि हायवेवर रांग लागायची. लसिकाग्रंथी, म्हणजे फुगल्यावर जिला आपण गाठ म्हणतो ती, हा असाच नाका. माणसाच्या अंगात असे सहाशेच्या आसपास नाके आहेत. ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी असते. फुगीर बाजूनं बऱ्याच वाहिन्या आत शिरतात, खोलगट बाजूनं एक-दोनच बाहेर पडतात. आत शिरल्या शिरल्या जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी दबा धरून बसलेल्या असतात. मेचनिकॉफनं १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला ताऱ्याच्या आकाराच्या समुद्रजीवाच्या पिल्लात काटा टोचून जे गिळणं पाहिलं, त्याच जातीचं हे काम.

पण गिळून भागत नाही, आणि इथं थोडं थांबायला हवं. तुझी पुस्तकं या भागाला भराभर नावं चिकटवून मोकळी होतात. जखमेच्या जागी काही पेशी जंतूंचे तुकडे उचलून, ते अंगावर मिरवत, लसीबरोबर गाठीपर्यंत येतात. नाक्यावर त्यांची भेट होते लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींशी. प्रत्येक लिम्फोसाइट एकच ओळख बाळगून जन्माला येतो. या ठराविक जंतूचा तुकडा ओळखणारा लाखात किंवा दहा लाखांत एखादाच. एवढ्या थोड्या पेशी अंगभर पसरल्या असताना नेमक्या आज्जाच्या अंगठ्याशी पोचणार कशा? त्यांना जखमेवर जायची गरजच नसते. त्या रक्तातून एका गाठीत शिरतात, साधारण दिवसभर तिथं आलेले तुकडे तपासतात, काही जुळलं नाही तर बाहेर पडून दुसऱ्या गाठीकडे जातात. जखमेची बातमी गाठीत आणायची आणि शिपायांनी गाठी फिरत राहायच्या, अशी ही योजना. जखम आणि गाठ यांच्यात अंतर असतं ते म्हणूनच.

खालून धोक्याची बातमी आली की गाठीकडचा रक्तपुरवठा वाढतो, आत येणारे लिम्फोसाइट वाढतात आणि बाहेरचं दार जवळजवळ बंद होतं. येणाऱ्या गाड्या चालू, जाणाऱ्या बंद. रांग लागली की नाका फुगतो. मग ज्याची ओळख पटली तो लिम्फोसाइट दुणावत जातो, एकाचे हजारो होतात. म्हणून गाठ लगेच नाही, दोन-चार दिवसांनी जाणवते. नव्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात भरपूर दिसायला आठवडाभर जातो. आज्जाचा चौथा दिवस या हिशेबात बरोबर बसतो.

दुखतं का? गाठीभोवती घट्ट पिशवी असते आणि तिला चेतातंतू असतात. पिशवी चार दिवसांत ताणली गेली की ठणका लागतो. महिनोन्‌महिने सावकाश वाढणाऱ्या गाठीत ती ताण सोसायला शिकते, म्हणून दुखत नाही. बेळगावकडची माणसं येऊन म्हणतात, "गाठ हाय, खरं दुखत न्हाई ओ डॉक्टर," आणि तेवढ्यावर निश्चिंत असतात. मला नेमकी त्याच गाठीची काळजी वाटते.

तुझ्या आज्जीचं 'विष चढायलंय' हे थट्टेवारी नेऊ नकोस. जंतू लसिकावाहिनीतच वाढू लागले तर जखमेपासून वर जाणारी तांबडी रेघ कातडीवर उमटते, कधी कधी काही तासांत. ती दिसली तर वाट बघायची नाही. घोणस चावली तरी जांघेतली किंवा काखेतली गाठ लवकर दुखू लागते, कारण त्या विषातले मोठे रेणू लसीच्याच वाटेनं वर येतात. म्हणून साप चावलेल्याला चालवायचं नाही, हातपाय हलू द्यायचा नाही, आवळून दोरी बांधायची नाही, फळी लावून थेट दवाखान्यात न्यायचं. चालणं म्हणजे पोटरीचा पंप चालू करणं. धनुर्वाताची गोष्ट वेगळी. त्याचं विष चेतातंतूंच्या वाटेनं मज्जारज्जूपर्यंत जातं. अवधाण आलं नाही म्हणजे धनुर्वात होणार नाही, असं नसतं. शेणामातीतल्या जखमेला इंजेक्शन हवंच.

जुन्या माणसांना अवधाणाची जी धास्ती वाटते, तिच्यामागं मला आणखी एक कारण दिसतं. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हुबळी-धारवाड-बेळगावपर्यंत पोचला. लोक त्याला गाठीचा रोग म्हणत. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून प्लेगची गाठ बऱ्याचदा जांघेतच यायची. जागा तीच, वाहिन्या त्याच, जंतू तेवढा वेगळा. घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहिलेल्या पिढ्यांनी ती भीती पुढं दिली असणार.

आणि 'लस' हा शब्द घे. बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर आज लोक सकाळी फिरायला जातात. देवीच्या निर्मूलनासाठी देशात ज्या चार ठिकाणी लस बनत होती, त्यांतलं एक ठिकाण बेळगाव. ती लस वासरांच्या कातडीवर उठवलेल्या फोडांपासून काढायचे. फोडातून येते ती लस आणि दंडात टोचतात तीही लस, असा मराठीत हा शब्द एकच राहिला. देशात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. टोचलेली लसही शेवटी काखेतल्या गाठीतच आपलं काम करते. डाव्या दंडावर बीसीजी दिलेल्या बाळाच्या डाव्या काखेत कधी कधी गाठ येते, ती यामुळं. आई घाबरून येते. बाळ खेळत असेल आणि गाठ लहान, कातडी साधी असेल, तर डॉक्टरांना दाखवून लक्ष ठेवलं की बहुधा भागतं.

आता माझी एक चूक. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत साठीतल्या एक मावशी जांघेत गाठ घेऊन आल्या. टाचांना भेगा होत्या. मी भेगा बघितल्या, गाठ बघितली, मनात म्हटलं अवधाण, आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी त्या उलट्या करत आल्या, पोट फुगलेलं. ती गाठ ग्रंथी नव्हतीच. मांडीच्या वरच्या टोकाला असलेल्या अरुंद वाटेतून आतडं बाहेर येऊन अडकलं होतं. बेळगावला पाठवलं, ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढावा लागला, मावशी वाचल्या. तेव्हापासून जांघेतली गाठ बघताना, विशेषतः उतारवयातल्या बाईची, मी पोट आणि उलटीबद्दल विचारल्याशिवाय पुढं जात नाही. खाली कारण सापडलं म्हणजे वरचं निदान झालं असं नसतं.

कारण खाली शोधायचं, तेही पूर्ण शोधायचं. जांघेतल्या गाठींकडे फक्त पायाची लस येत नाही. कुल्ले, गुदद्वार, बाहेरची जननेंद्रियं आणि बेंबीखालची कातडीही तिथंच येते. माणसं पायाची चिखल्या दाखवतात आणि वरचा फोड लाजेनं लपवतात. विचारायचं काम तुझं. वृषणांची लस मात्र जांघेत न येता थेट पोटातल्या गाठींकडे जाते, कारण गर्भात ती पोटातच तयार होऊन मग खाली उतरतात. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.

घाबरायचं कधी? पायावरची लाली वाढत असेल, पायाचा रंग काळपट होत असेल, काळे-निळे फोड येत असतील, दिसतंय त्याच्या मानानं दुखणं फारच जास्त असेल, माणूस बरळत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर रात्र-पहाट न बघता मोठ्या दवाखान्यात. शुगरवाल्याच्या बाबतीत याहून लवकर. त्याच्या पायाला कळ कमी लागते, ताप उशिरा येतो, आणि पाय वरून बरा दिसत असताना आत सडत असतो.

सावकाशीनं काळजी करायच्या गाठी वेगळ्या. गाठ घट्ट, हलत नाही, दुखत नाही, दोन सेंटिमीटरहून मोठी, चार-सहा आठवड्यांत कमी होत नाही, वजन उतरतंय, रात्री घामानं अंथरूण भिजतंय, तर सुईची तपासणी करून घ्यायची. मानेतल्या गाठींच्या माळेला आपल्याकडे गंडमाळ म्हणतात. ती बऱ्याचदा क्षयाची निघते, आणि सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं. निपाणी पट्ट्यात तंबाखू आणि मशेरी तोंडात असलेल्या माणसाच्या जबड्याखाली कडक गाठ दिसली, तर त्याला आधी तोंड उघडायला सांग, जीभ उचलायला सांग. आणि मघाशी म्हटलं होतं ना, पायांची-पोटाची लस डाव्या गळपट्टीच्या हाडामागं येते? तिथं नवी, कडक गाठ आली तर पोटातला कॅन्सर त्या वाटेनं वर आलेला असू शकतो. घसा ठीक म्हणून ती गाठ कधीही सोडू नये.

उलट, अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या जांघेत वाटाण्याएवढ्या मऊ, हलणाऱ्या दोन-चार गाठी कायमच हाताला लागतात. आयुष्यभर काटे-भेगांच्या बातम्या घेतलेले ते नाके. त्यांना औषध नको.

आज्जाचं पुढं. गाठ ही दुखण्याची खूण आहे, म्हणून तिच्यावर मलम चोळून उपयोग नाही. जखम उघडून धुवायला हवी, आत काटा-मातीचा कण राहिलाय का बघायला हवं. पायावर लाली असेल तर तिच्या कडेनं पेनानं रेघ मार आणि वेळ लिही. सहा तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली आहे का ते बघ. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर ताप उतरला म्हणून दोन दिवसांत सोडायचं नाही. पाय उशीवर उंच ठेवून झोपायला सांग. चर तुंबला असेल तर उतार देणं आपल्या हातात आहे. गाठीत पू झाला, कातडी तांबडी होऊन मऊ पडली, तर ती डॉक्टरांनी कापायची, घरी ब्लेडनं नाही.

एक गोष्ट हमखास राहते ती बोटांच्या बेचक्यांची. खुरप्याची जखम भरेल, पण चिखलात राबून बेचक्यांत पांढरी, भिजलेली कातडी सोललेली असेल, तर पुढचा जंतू तिथून शिरेल. पायाला असा दाह पुन्हा पुन्हा झाला की दर वेळी थोड्या लसिकावाहिन्या बुजतात, बुजल्या की पाय सुजका राहतो, आणि सुजका पाय पुन्हा लवकर पिकतो. हत्तीरोगाचा जंत कलबुर्गी-यादगीरकडे जे करतो, ते आपल्याकडे साधी चिखल्या वर्षानुवर्षं हळूहळू करते. रोज संध्याकाळी पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसायच्या, आणि बुरशीचं मलम कातडी बरी दिसू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. आज्जा कंटाळा करेल, तेव्हा तू सुट्टीला गेलीस की आधी त्याची बोटं फाकवून बघ.

गाठ एकदम जाणार नाही. ठणका आधी जाईल, आकार तीन-चार आठवडे रेंगाळेल, कारण नाक्यावरची रांग हळूहळूच पांगते. दीड महिन्यानंतरही सुपारीएवढीच राहिली तर त्याला घेऊन ये, आपण सुई घालून बघू.